फिटनेस लिहून देता, मग माणसाला चालवून का बघत नाही?

ठाणे शहरातल्या रुग्णालयांचे व्यवस्थापक, वैद्यकीय अधीक्षक आणि ऑपरेशनआधी ‘फिटनेस’ लिहून देणारे सर्व डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त फिजिओथेरपिस्ट. नौपाड्यात राहते. ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १४ वर्षं ठाण्यातल्याच एका रुग्णालयात. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर हे पत्र एकट्या त्या संस्थेविरुद्धची तक्रार होईल आणि बाकीचे सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील.

त्या रुग्णालयात पहिल्या मजल्यावर एक लांब, सरळ व्हरांडा होता. त्यातले ३० मीटर मी स्वतः टेप लावून मोजले होते. दर ३ मीटरवर पिवळी पट्टी, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, बाजूला एक खुर्ची. तिथे मी रुग्णांची सहा मिनिटं चालण्याची चाचणी घ्यायचे. सिस्टर त्याला ‘मॅडमचा रनवे’ म्हणायच्या. गेल्या महिन्यात थोरल्या भावाला घेऊन तिथे गेले, तर व्हरांड्यात काचा लावून कॅशलेस विम्याची तीन काउंटर केलेली आणि पलीकडे कॉफीचं मशीन. मशीनच्या पायाखालून माझी एक पिवळी पट्टी अजून डोकावते आहे. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “चालण्याची चाचणी आता कुठे करता?” ती म्हणाली, “बंद केली मॅडम. जागेचा प्रॉब्लेम होता. आणि तसं कुणी लिहूनही देत नव्हतं.”

जागेचं समजू शकते. ठाण्यात चौरस फुटाला काय पडतं ते मलाही माहीत आहे. हे पत्र लिहायला बसवलं ते तिच्या शेवटच्या वाक्याने.

आता दादाची गोष्ट. वय ६८, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर फिटर. या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. सर्जननी सांगितलं, फिटनेस घेऊन या. मग ठरलेली वारी झाली: रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टू-डी इको. इकोत हृदय उत्तम, ६० टक्के पंपिंग. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९७. फिजिशियननी कागदावर ‘शस्त्रक्रियेसाठी फिट’ असं लिहून सही केली. दादा म्हणाला, “चला, फिटर होतो, आता फिटही झालो.” सगळ्या तपासण्या खुर्चीत बसून किंवा टेबलावर आडवं होऊन झाल्या. या आठवडाभरात त्याला कुणी दहा पावलंही चालवलं नाही, की “जिना चढताना काय होतं?” असंही विचारलं नाही.

विचारलं असतं तरी त्याने “काही नाही” म्हटलं असतं, कारण तो जिना चढतच नव्हता. इमारतींना लिफ्ट आल्यापासून माणसाला आपला दम कळेनासा झाला आहे. तो फक्त ठाणे स्टेशनच्या पुलावर कळतो, आणि दादाने स्टेशनला जाणं दोन वर्षांपूर्वी सोडलं होतं. गर्दी नको वाटते, म्हणायचा. मीही ते खरं मानलं. एवढी वर्षं लोकांचा श्वास मोजला आणि सख्ख्या भावाचं निमित्त ओळखता आलं नाही.

ऑपरेशनच्या तीन दिवस आधी तो आमच्याकडे जेवायला आला. लिफ्ट बंद होती. दोन मजले चढून आला आणि पाणी मागायलाही त्याला तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या आवारात मी त्याला चालवलं. बसलेला असताना ९७. दुसऱ्या मिनिटाला ९१. चौथ्या मिनिटाला ८४. जवळ ऑक्सिजन नव्हता, तिथेच थांबवलं. सर्जनना फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं, ऑपरेशन पुढे ढकललं. (त्यांचे मी मनापासून आभार मानते. एका निवृत्त फिजिओचा फोन दोन दिवस आधी कोण ऐकतं?) सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांचं फायब्रोसिस निघालं, म्हणजे फुप्फुसं जाड, कडक होत जाणं. कबुतरांच्या विष्ठेने-पिसांनीही हा आजार होऊ शकतो, म्हणून छातीच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, घराजवळ कबुतरं आहेत का. दादाच्या खिडकीबाहेर एसीच्या मागे आठ वर्षं त्यांचं बाळंतपण चालू आहे.

हर्नियाचं ऑपरेशन नंतर झालं, पूर्ण भूल न देता, कमरेतून इंजेक्शन देऊन, सगळी तयारी ठेवून. दादा आता बरा आहे. मग तक्रार कसली, असं कुणी म्हणेल. तक्रार ही, की त्या दिवशी आमची लिफ्ट चालू असती तर?

तर आता एकेक सांगते.

पहिलं. बसलेल्या माणसाचा ऑक्सिजन बघून फुप्फुसं ठीक आहेत असं ठरवणं बंद व्हायला हवं. माणूस शांत बसलेला असताना रक्तातली एक लाल पेशी फुप्फुसातल्या बारीक केशवाहिनीत साधारण पाऊण सेकंद असते. फायब्रोसिसने हवा आणि रक्त यांच्या मधला पडदा जाड झाला असला, तरी तेवढ्या वेळात ऑक्सिजन शिरून जातो. चालायला लागलं की रक्ताचा वेग वाढतो आणि तो वेळ पाव सेकंदाच्या आसपास येतो. निरोगी फुप्फुसाला तेवढाही पुरतो, दादाच्या फुप्फुसाला पुरत नाही. म्हणजे आजार बसल्यावर लपतो आणि चालल्यावर उघडा पडतो. हृदयाचंही तसंच. इको आडव्या पडलेल्या माणसाचं हृदय दाखवतो. ६० टक्के पंपिंग असलेला माणूस एक जिना चढू शकेल का, याचं उत्तर त्या आकड्यात नसतं.

दुसरं. “आम्हाला पेशंट बघून अंदाज येतो” हे वाक्य मी ज्येष्ठ डॉक्टरांकडून फार ऐकलं आहे. तो अंदाज मोजून बघितला गेलाय, आणि त्याचा निकाल २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलाय. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली २५ रुग्णालयं, ऑपरेशनला आलेले १,४०१ रुग्ण. डॉक्टरांनी आधी अंदाज सांगितला, मग रुग्णाला सायकलवर बसवून, तोंडाला मास्क लावून खरी क्षमता मोजली. ज्यांची क्षमता ४ ‘मेट’सुद्धा नव्हती, त्यांच्यातल्या १०० पैकी जेमतेम १९ जण डॉक्टरांना अंदाजाने ओळखता आले. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेला माणूस वापरतो तेवढा ऑक्सिजन, वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर. त्याच्या चौपट म्हणजे ढोबळमानाने न थांबता दोन मजले चढणं. बाकीचे ८१ जण चेहऱ्यावरून धडधाकट वाटले.

त्याच अभ्यासात अंदाजापेक्षा सरस ठरली ती १२ प्रश्नांची एक साधी यादी, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९८९ साली तयार झालेली. स्वतःचं स्वतः आवरता का, एक जिना चढता का, घरातली जड कामं करता का, असे प्रश्न आणि प्रत्येकाला गुण. दोन मिनिटं लागतात. मात्र ही यादी आपल्याकडे जशीच्या तशी वाचून दाखवू नका. तिच्यात गोल्फ आहे, बर्फावरचं स्कीइंग आहे, अंगणातली पानं गोळा करणं आहे. कोपरीतल्या आजींना गोल्फ खेळता का विचारलंत, तर त्या तुमचंच डोकं तपासतील. त्यांना विचारा, उकिडवं बसून फरशी पुसता का? पाण्याची बादली उचलून न्हाणीघरात नेता का? भाजीची पिशवी घेऊन स्टेशनपासून चालत येता का, की आता रिक्षा लागते? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या दिवाळीला जे करत होता त्यातलं काय सोडलंत? हा शेवटचा प्रश्न यादीत नाही, माझा आहे. मला तो उशिरा सुचला.

तिसरं. चालण्याची चाचणी मागितली की स्ट्रेस टेस्टचा, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढण्याचा, दर सांगितला जातो. मी चार ठिकाणी फोन केले, दोघांनी तेच केलं. स्ट्रेस टेस्ट वाईट नाही, पण तिचा मुख्य प्रश्न वेगळा आहे: श्रम पडल्यावर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं का? सहा मिनिटांच्या चालण्याने त्याचं उत्तर मिळत नाही, हेही तितकंच खरं. पण गुडघे दुखणाऱ्या, कधीही सरकत्या पट्ट्यावर पाय न ठेवलेल्या बाईला साडी खोचून त्या यंत्रावर उभं करायचं, ती घाबरून दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरते, दांडा धरल्यामुळे पायांचे श्रम कमी होतात आणि कागदावर क्षमता आहे त्याहून जास्त छापून येते. तो कागद मग फाइलला लागतो.

चौथं. जिथे चाचणी होते तिथे ती कशीतरी उरकली जाते. फोन केलेल्यांपैकी एकाने “हो, करतो” म्हटलं, म्हणून दादाला नेलं. व्हरांडा नऊ मीटरचा. म्हणजे नऊ पावलं... बरं, बारा-तेरा पावलं टाकली की वळा. वळताना वेग मोडतो, अंतर कमी भरतं आणि मागच्या वेळच्या आकड्याशी ताळा जुळत नाही. तिथली मुलगी दादाच्या शेजारून चालत होती, “चला काका, भरभर” म्हणत होती, मध्येच तिने त्याला गाव कुठलं विचारलं. तिचा दोष नाही, तिला कुणी शिकवलंच नाही.

ही चाचणी साधी आहे, पण साधी म्हणजे ढिली नव्हे. १९६८ साली केनेथ कूपर यांनी अमेरिकी हवाई दलासाठी १२ मिनिटं धावण्याची चाचणी काढली, पुढे छातीच्या रुग्णांसाठी ती १२ मिनिटं चालण्याची झाली, आणि १९८२ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवून दिलं की सहा मिनिटंही पुरतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने २००२ साली तिचे नियम लिहिले. आधी दहा मिनिटं खुर्चीत बसवायचं. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन लिहून घ्यायचा. ‘जितकं जास्त अंतर जमेल तितकं चाला, धावू नका, दम लागला तर थांबा’, एवढंच सांगायचं. माणूस भिंतीला टेकून उभा राहिला तरी घड्याळ थांबवायचं नाही. आपण बरोबरीने चालायचं नाही, नाहीतर तो आपल्या चालीने चालतो. दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य, त्याच सुरात: छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत. जास्तीचं “शाब्बास”सुद्धा नाही. शाब्बासकीने माणसं जास्त चालतात, हे तपासून झालेलं आहे. आणि पहिल्यांदाच करत असाल तर विश्रांती देऊन दोनदा करा, कारण दुसऱ्या वेळी सरावानेच थोडं अंतर वाढतं.

धाप किती लागली हे विचारायला ० ते १० ची बोर्ग पट्टी असते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक गृहस्थ हाशहुश काहीही न करता “दहा!” म्हणाले. मी घाबरले. त्यांना वाटलं होतं मार्क विचारतेय. तेव्हापासून मी आधी सांगायचे, शून्य म्हणजे धाप नाहीच आणि दहा म्हणजे आता जीव जातो की काय.

पाचवं, थोडक्यात. चाचणी झाली तर आकडा रुग्णाला द्या. फुप्फुसाच्या आजारात साधारण ३० मीटरचा फरक हा खरा फरक मानतात. माझ्याकडे कळव्याचे एक रिक्षावाले यायचे, सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याच्या जुनाट आजाराचे. पहिल्या दिवशी ३१० मीटर, आठ आठवड्यांच्या व्यायामानंतर ३६५. ती चिठ्ठी त्यांनी लायसन्सच्या पाकिटात ठेवली होती. औषधांनी बरं वाटतंय का, याला माणूस “ठीक आहे” एवढंच म्हणतो. ५५ मीटर मात्र तो बायकोला सांगतो.

जागा नाही, वेळ नाही, ही दोन उत्तरं मला पाठ आहेत. जागा नसेल तर हात नसलेली एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून एका मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा, बोटाला ऑक्सिमीटर लावून. फुप्फुसाच्या रुग्णांमध्ये घसरणारा ऑक्सिजन यातही बऱ्याचदा पकडला जातो. खुर्चीही नसेल तर तुमच्या रुग्णालयाला जिना आहेच. फुप्फुसाचा भाग काढायच्या ऑपरेशनआधी रुग्ण जिन्याने २२ मीटर उंची चढू शकला तर धोका कमी धरतात, हे काही माझं घरगुती ज्ञान नाही, छातीच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. श्रम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते ते बघा. १२ ठोके किंवा त्याहून कमी उतरली तर सावध व्हायचं. (बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडीवर फार विसंबू नका, त्या गोळीने ती आधीच रोखून धरलेली असते.) एवढंही जमत नसेल तर रुग्णाला ओपीडीच्या दारापासून टेबलापर्यंत येताना बघा आणि लगेच एका श्वासात आकडे म्हणायला सांगा. जुने भूलतज्ज्ञ हे करायचे. एखादा पंधराच्या आत अडकला तर पुढच्या तपासणीचं पान उलटायचे. हे मोजमाप नव्हे, पण नजर तरी पडते.

ऑक्सिमीटर लावताना बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी नाही ना, हात गार नाही ना, तेवढं बघा. लग्नसराईत तर नक्कीच.

सगळ्यांनाच चालवा असं मी म्हणत नाही. महिन्याभरात हार्ट अटॅक येऊन गेलाय, बसल्याजागी छातीत दुखतंय, अशांना चालवायचं नाही. बसलेला असताना नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तर आधी डॉक्टरांनी ठरवायचं. हे वाचून कुणी घरच्या म्हाताऱ्या माणसाला गच्चीवर पळवू नये. मी दादाला चालवलं ते ३१ वर्षांच्या सवयीवर, आणि तरीही त्या चौथ्या मिनिटाला माझे हात थरथरत होते.

‘लोकांना समजणार नाही’ हे कारणही देऊ नका. करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागानेच घरोघरी सांगितलं होतं, बोटाला ऑक्सिमीटर लावा आणि घरातल्या घरात सहा मिनिटं चाला. तेव्हा वन रूम किचनमध्ये, पलंग आणि फ्रिजच्या मधून, शिकलेली-न शिकलेली सगळी माणसं चालली. आकडा किती उतरला तर दवाखान्यात फोन करायचा हे पोराटोरांना तोंडपाठ होतं. लाट ओसरली आणि ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये गेले. लोक विसरले ते ठीक. पण रुग्णालयांनी विसरावं?

माझ्या मागण्या अशा आहेत.

‘फिटनेस’च्या कागदावर एक ओळ वाढवा: रुग्ण न थांबता किती मजले चढतो किंवा सहा मिनिटांत किती मीटर चालतो, आणि चालण्याआधी व नंतरचा ऑक्सिजन किती. ती ओळ रिकामी असेल तर का रिकामी आहे ते लिहा. ही ओळ नसेल तर त्या कागदाला फिटनेस म्हणू नका, तपासण्यांची यादी म्हणा.

धाप लागते म्हणून आलेल्या कुणालाही चालवून किंवा उठबस करवून बघितल्याशिवाय ‘वयोमानानुसार’ हा शब्द केसपेपरवर लिहू नका.

ज्या रुग्णालयात लांब व्हरांडा आहे तिथे ३० मीटर आखून ठेवा. आठवड्यातले दोन दिवस, दोन-दोन तास मोकळे मिळाले तरी चालेल. बाकी वेळ तिथे स्ट्रेचर उभी करा, माझी हरकत नाही. काचेची काउंटर मात्र नकोत, ती दोन तासांसाठी हलत नाहीत.

दरपत्रकावर या चाचणीचा दर स्वतंत्र लिहा. आज ती पॅकेजमध्येही नाही आणि पाटीवरही नाही, मग ती मागायची हे रुग्णाला कळणार कसं?

फिजिओ, सिस्टर आणि टेक्निशियन यांना नियमाप्रमाणे चाचणी शिकवा. एक दुपार पुरते.

या शेवटच्या मागणीपुरतं माझं नाव लिहून घ्या. मानधन नको. गुरुवारी आणि शनिवारी सकाळी ११ ते १ मी मोकळी असते. टेप माझ्याकडे आहे, पिवळ्या पट्टीचं अर्धं रीळ उरलंय, शंकू दोन आहेत, त्यातला एक जरा चेपलाय पण उभा राहतो. ज्या रुग्णालयाला व्हरांडा आखून हवा असेल त्यांनी कळवावं. दादा सोबत येईल. पुढची चाचणी त्याला तिथेच करून घ्यायची आहे, मागच्या वेळी नऊ मीटरच्या व्हरांड्यात २९६ भरले होते.

आपली,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट
नौपाडा, ठाणे (प.)